मधुमेही पायांच्या नसा आणि झाडपाला : संशोधनाने काय हाती लागले?



गेल्या पवित्र गुरुवारी सायंकाळच्या मिस्सात पाय धुण्याच्या विधीसाठी नेहमीप्रमाणे बारा जण वेदीपुढे बसले होते. सातव्या गृहस्थांचा उजवा पाय आम्ही हातात घेतला, तेव्हा तळव्याच्या मध्यावर बोरीच्या काट्याचे काळे टोक दिसले. भोवतीची कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी झाली होती. आम्ही हळूच विचारले, "दुखत नाही का हो?" ते म्हणाले, "काय, फादर?" पायात काटा आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते.

मिस्सा आटोपल्यावर त्यांना सॅक्रिस्टीत बसवून चौकशी केली. मधुमेह नऊ वर्षांचा. डॉक्टरांच्या गोळ्या आठ महिन्यांपासून बंद. त्याऐवजी रोज सकाळी बेडकीचा पाला आणि सदाफुलीची पाने यांचा काढा, आणि रात्री तळव्यांना एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेले तेल. "पूर्वी पायांची नुसती आग व्हायची, झोप लागत नसे. काढा सुरू केला आणि आग थांबली," असे ते समाधानाने सांगत होते. दुसऱ्या दिवशी मोठा शुक्रवार होता, म्हणून शनिवारी त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी काटा काढला, रक्त तपासले, पाय तपासले, आणि आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, "फादर, यांची आग थांबली, कारण ती जाणवून देणारे तंतूच बरेचसे गेले आहेत."

हे वाक्य मनातून जाईना. गेले काही आठवडे आम्ही या विषयावर मिळेल ते वाचत आहोत, आणि त्यातले जे पक्के वाटले ते त्या गृहस्थांच्या परवानगीने, त्यांचे नावगाव वगळून, येथे मांडीत आहोत. असे पाय आपल्या धर्मग्रामात आणखी असणार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख धरली आहे, आणि प्रमाणात सर्वांत वरचा क्रमांक आपल्या शेजारच्या गोव्याचा आहे, शेकडा २६.४. बसून खाणाऱ्या शहरी लोकांचाच हा आजार, अशी समजूत कोणाची असेल तर ती आता सोडावी.

नस म्हटले की पुष्कळांना रक्ताची शीर आठवते. आपण बोलत आहोत ते मज्जातंतूंविषयी, म्हणजे स्पर्श, ऊन-थंड आणि वेदना यांची खबर मेंदूकडे नेणाऱ्या तारांविषयी. कमरेजवळच्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तंतू सुमारे एक मीटर लांब असतो. त्याच्या पेशीचे घर कण्याशेजारी आणि दुसरे टोक अंगठ्यात. सगळे पोषण तेवढ्या लांबवर पोहोचवायचे. कालव्याला पाणी कमी सुटले की शेवटच्या टोकाचे शेत आधी सुकते, तसेच हे आहे. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की तंतूला अन्न पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, खुद्द तंतूतही बिघाड होतो, आणि सर्वांत लांबचे टोक प्रथम मरते. म्हणून सुरुवात बोटांपासून. आधी मुंग्या, मग आग, रात्री चादर लागलेलीही सोसत नाही. पुढे कापसावर चालल्यासारखे वाटते. आणि मग काहीच वाटत नाही. या शेवटच्या पायरीला गुण आला असे समजणारे थोडेथोडके नाहीत.

तेव्हा कोणत्याही मुळीविषयी वा पाल्याविषयी "नसांवर गुणकारी" असे ऐकले की प्रथम हे विचारावे : वेदना कमी होते, की तंतू सुधारतो? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि संशोधनाचा हिशेबही दोन वेगळ्या वह्यांत ठेवावा लागतो.

वेदनेच्या वहीत एका वनस्पतीने खरोखर नाव कमावले आहे, आणि ती प्रत्येकाच्या परसात आहे. ती म्हणजे मिरची. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून गोव्याच्या किनाऱ्याला आणलेले हे पीक आपल्या ब्याडगीच्या बाजारापर्यंत कसे पसरले ते आपण जाणतोच. मिरचीतल्या तिखट द्रव्याचे नाव कॅप्सेसिन. कढत पाणी लागल्याची खबर देणारी तंतूवरची जी कडी, तीच कॅप्सेसिनने वाजते. म्हणून मिरचीने 'आग' होते, जिथे उष्णता काहीच नसते. ही कडी डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९७ साली ओळखली आणि २०२१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. कडी फार जोराने आणि बराच वेळ वाजवली की वेदनेची टोके काही काळ निकामी होऊन मागे सरतात, आणि दुखणे कमी होते.

आता हे सिद्ध कसे केले ते पाहा, कारण आमच्या मते या लेखातला हाच भाग सर्वांत उपयोगाचा आहे. १९९१ साली अमेरिकेत १२ ठिकाणी मिळून २५२ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना ०.०७५ टक्के कॅप्सेसिन घातलेले मलम, काहींना तसेच दिसणारे पण मिरची नसलेले मलम. कोणाला कोणते मिळाले हे रुग्णाला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरालाही नाही. आठ आठवड्यांनी डॉक्टरांच्या मते मिरचीच्या मलमाचा गुण शेकडा ६९.५ जणांना आला होता. आणि नुसत्या मलमाचा? शेकडा ५३.४ जणांना!

हा दुसरा आकडा पुन्हा वाचावा. औषध नसलेल्या मलमानेही निम्म्याहून अधिक लोकांना बरे वाटले. कोणी खोटे बोलले नाही. वेदना आपोआप कमी-जास्त होत असते, माणूस औषध शोधतो तो ती अगदी कडेलोटाला आलेली असताना, रोज पायाला हात लावून चोळणे झाले, कोणीतरी लक्ष दिले. या सगळ्याचा तो गुण. उद्या आम्ही नुसते खोबरेल बाटलीत भरून फेस्ताच्या दिवशी चर्चच्या दारात विकायला बसलो, तर दहांतले पाच जण पुढच्या रविवारी आम्हांला दुवा देतील. फिरता विक्रेता याच पाच जणांच्या साक्षीवर जगतो. मिरचीचे खरे श्रेय ५३ आणि ६९ यांमधल्या फरकाएवढे. पण तो फरक खरा आहे, आणि म्हणून त्यावर पुढे काम झाले. आठ टक्के कॅप्सेसिनची पट्टी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायांवर अर्धा तास ठेवण्याच्या उपचाराला २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मधुमेहींच्या पायदुखीसाठी मान्यता दिली. एकदा लावल्यावर तीन महिन्यांच्या आत पुन्हा लावायची नसते.

हे वाचून कोणी मिरच्या वाटून पायाला लावू नयेत, ही हात जोडून विनंती. बधिर पायाला भाजलेले कळत नाही. आणि ही पट्टी देखील वेदना कमी करते. मेलेला तंतू जिवंत करीत नाही.

अशीच चाचणी जायफळाचीही झाली. जायफळ उगाळून लावणे आपल्याकडे नवीन नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिनिदाद बेटावरच्या अभ्यासात ७४ रुग्णांना चार आठवडे पायांवर फवारा दिला. एका गटाच्या फवाऱ्यात जायफळाचा अर्क, पुदिन्याचे सत्त्व वगैरे. दुसऱ्यात जायफळ सोडून बाकी सारे. दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झाले. दुसरा गट नसता तर आज जायफळाच्या तेलाच्या जाहिराती सगळीकडे झळकल्या असत्या.

इराणातल्या एका अभ्यासाने मात्र थोडी आशा दाखवली. कडू वृंदावन, ज्याला इंद्रायणही म्हणतात, त्याचे तेल ६० रुग्णांच्या पायांना तीन महिने लावले. नुसत्या तेलाच्या गटापेक्षा वेदना अधिक उतरली. हे २०१६ साली छापून आले. साठ माणसे आणि तीन महिने, एवढ्यावर डॉक्टर औषध लिहून देत नाहीत, आणि देऊही नये. शिवाय हे फळ पोटात घेणे घातक आहे. जुलाब-उलट्यांनी माणूस लोळागोळा होतो. बांधावरची वृंदावने गोळा करून कोणी रस काढू नये.

आता दुसरी वही, तंतू सुधारण्याची. येथे लेख शेकड्यांनी आहेत. हळद, मेथी, द्राक्षांच्या बिया, चहा, चीनमधले अनेक काढे. पण बहुतेक लेखांतला रुग्ण उंदीर असतो. उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे द्रव्य टोचून त्याच्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारतात. (हे द्रव्य अमेरिकेतल्या मातीतल्या जंतूपासून निघाले, हे शेतकरी वाचकांना गमतीचे वाटेल.) मग काही आठवडे हळदीचे सत्त्व पाजतात, आणि तापलेल्या पत्र्यावर ठेवून तो पाय किती लवकर उचलतो ते मोजतात. हळद प्यालेला उंदीर बहुधा चांगला निघतो. पण त्या उंदराचा मधुमेह काही आठवड्यांचा, औषध जवळपास आजाराबरोबरच सुरू केलेले, आणि मात्रा वजनाच्या मानाने भली मोठी. आमच्या गृहस्थांचा मधुमेह नऊ वर्षांचा. बियाणे केंद्राच्या कुंडीत आलेले पीक आणि आपल्या खडकाळ वरकस जमिनीत येणारे पीक यांत जेवढे अंतर, तेवढे येथेही धरावे.

जेवणातली हळद चांगलीच आहे, खुशाल खावी. हळदीचे सत्त्व आणि काळ्या मिरीचे सत्त्व एकत्र केलेल्या गोळ्या मात्र वेगळी वस्तू आहे. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद अमेरिकेत झालेली आहे.

माणसांवर काम सर्वांत जास्त झाले ते चीनमध्ये. जगभरच्या चाचण्या गोळा करून पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ साली चिनी वनौषधींच्या ४९ चाचण्या तपासल्या, रुग्ण ३,६३९. एवढ्या मोठ्या राशीतून धान्य किती निघाले? परीक्षकांनी लिहिले की चाचण्यांची मांडणी इतकी सदोष आहे की गुण येतो असेही म्हणता येत नाही आणि त्या निर्धोक आहेत असेही नाही. याच्या उलट, मांडणी चांगली असूनही गाडे अडल्याचे उदाहरण युरोपातले. इव्हिनिंग प्रिमरोझ या फुलझाडाच्या बियांत जे खास तैलाम्ल असते, त्याची १११ रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. १९९३ साली निकाल आला, मोजलेल्या सोळा गोष्टींपैकी तेरांत सुधारणा. खरोखर उमेद वाटावी असा निकाल. पण तीस वर्षे उलटून गेली तरी ते तेल नेहमीच्या उपचारांच्या यादीत आलेले नाही. एका चांगल्या हंगामावरून कोणी वाण ठरवीत नाही.

सदाफुलीचे थोडे विस्ताराने सांगतो, कारण ती आपल्या प्रत्येक अंगणात आहे आणि पुष्कळ जण रोज चार पाने चावून खातात. १९५२ साली जमैका बेटावरून एका रुग्णाने कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांना सदाफुलीची पाने लिफाफ्यातून पाठवली. तिथे लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेत. डॉ. नोबल यांनी ती आपले संशोधक बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी काढा जनावरांना देऊन पाहिला. साखर काही उतरली नाही. उतरल्या त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यातून १९५८ साली कर्करोगावरचे व्हिन्ब्लास्टिन हे औषध पुढे आले आणि पाठोपाठ त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन. रक्ताच्या कर्करोगाची कितीतरी मुले या झाडामुळे आज जगली आहेत. पण व्हिन्क्रिस्टिनचा ठरलेला दुष्परिणाम कोणता? हातापायांच्या मज्जातंतूंना इजा! चार पानांत ते द्रव्य नगण्य असते, ग्रॅमभर औषधाला शेकडो किलो वाळलेला पाला लागतो, हे खरे. रोजच्या पानांनी नसा जातात असे आम्ही म्हणत नाही. पण आधीच नसा दुखावलेल्या माणसाने साखरेसाठी नेमकी हीच पाने का निवडावीत? जिच्यावर साखरेची परीक्षा घेतली आणि जी त्या परीक्षेत उतरली नाही, ती वनस्पती आपण औषध म्हणून धरून बसलो आहोत.

झाडपाल्याविरुद्ध आमचे काही नाही. मधुमेहाची जी सर्वांत प्रचलित गोळी, मेटफॉर्मिन, तिचे मूळही वनस्पतीतच आहे. युरोपात गलेगा नावाची शेंगवर्गातली एक वनस्पती मधुमेहाच्या लक्षणांवर जुन्या काळी देत असत. १८९१ साली अमेरिकेच्या युटा प्रांतात ती जनावरांचा चारा म्हणून लावली. जनावरांना ती विषारी ठरली आणि आज तिथे ती उपद्रवी तण म्हणून गणली जाते. तिच्यातले द्रव्य माणसांनाही सोसेना. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या जवळचे, सोसवेल असे द्रव्य प्रयोगशाळेत बनवले, आणि १९५७ साली पॅरिसचे डॉ. जाँ स्टेर्न यांनी मेटफॉर्मिन रुग्णांना देऊन निकाल छापला. अमेरिकेने तर १९९४ पर्यंत वाट पाहून मग मान्यता दिली. म्हणजे आमच्या गृहस्थांनी झाडपाल्यासाठी जी गोळी टाकून दिली, तीही एका पाल्याचीच नात म्हणायची. फरक एवढाच की ती तोलून-मापून आलेली.

तिच्याविषयीही एक गोष्ट माहीत असावी. मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेतल्यास काहींच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व कमी पडते, आणि त्या कमतरतेनेही पायांना मुंग्या येतात. म्हणून मुंग्या असतील तर डॉक्टरांना ब-१२ ची तपासणी करायला सांगावे. कमी निघाले तर ते भरून काढता येते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

बाटलीबंद चूर्णांचे आणखी एक भय आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या परिसरातील दुकानांत विकली जाणारी ७० आयुर्वेदिक औषधे २००४ साली तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल सापडला. शिसे आणि सोमल ही स्वतःच मज्जातंतूंची विषे आहेत. सगळेच वैद्य असे नव्हेत. पण ज्या पुडीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही ती घरात घेऊ नये.

मग पक्के असे काय आहे? इन्सुलिनवर जगणाऱ्या १,४४१ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल १९९३ साली आला : साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत नसांची इजा शेकडा ६० ने कमी झाली. उतारवयात होणाऱ्या मधुमेहात फायदा इतका मोठा दिसत नाही, पण साखर आटोक्यात ठेवण्याला पर्याय निघालेला नाही. वेदनेसाठी ड्युलोक्सेटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधे डॉक्टर देतात. गेलेला स्पर्श परत आणणारे औषध, झाडाचे वा कारखान्याचे, आज हाती नाही. मेथी-कारली जेवणात असावीत. ती गोळीच्या जागी घेऊ नयेत, आणि गोळीबरोबर भरमसाट प्रमाणात घेतल्यास साखर फार उतरू शकते हेही लक्षात असावे.

स्पर्श परत येत नसला तरी पाय वाचवता येतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हेच दाखवले की बोटे रोगाने झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून होणाऱ्या जखमा, भाजणे, खिळे यांनी ती जातात. पुढे अमेरिकेत गेल्यावर मधुमेहींच्या पायांनाही त्यांनी हाच नियम लावला. तेव्हा रोज रात्री दिव्याखाली तळवे पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा ठेवावा किंवा नातवंडाला पाहायला सांगावे. पायावर घ्यायचे पाणी आधी कोपराने तपासावे. चिखलणी-लावणीच्या दिवसांत गमबूट वापरावेत, घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा, आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. भेगांना बिब्बा, काट्यावर रुईचा चीक, गरम विटेचा शेक, हे तिन्ही बधिर पायाला वर्ज्य. वधस्तंभाच्या वाटेला अनवाणी चालण्याचा नवस कोणी मधुमेहीने केला असेल तर आम्हांला येऊन भेटावे. त्याऐवजी दुसरे काही ठरवून देऊ.

आणि घरच्या घरी करायची एक तपासणी. इंग्लंडातल्या इप्सविच येथील डॉक्टरांनी ती २०११ साली मांडली; काहीच साहित्य लागत नाही. मधुमेही व्यक्तीने उघड्या पायांनी आडवे होऊन डोळे मिटावेत. दुसऱ्याने आपल्या तर्जनीच्या टोकाने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना क्रम बदलून एकेकदा हलकेच स्पर्श करावा, दोन सेकंदांहून अधिक नको. दाबू नये, टोचू नये. स्पर्श कळला की "उजवा" किंवा "डावा" असे सांगायचे. सहांपैकी दोन किंवा अधिक बोटांना कळले नाही, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवावेत.

पास्काच्या आदल्या दिवशी दवाखान्यात आमच्या गृहस्थांची ही तपासणी झाली तेव्हा चार बोटे गप्प राहिली. जखम भरायला सात आठवडे लागले. आता गोळ्या सुरू आहेत, काढा बंद आहे, आणि त्यांची आठवीतली नात रोज रात्री जपमाळेनंतर कंदिलाएवढा मोठा टॉर्च घेऊन आजोबांचे तळवे पाहते.